‘गेट थ्रू’ : एक तार व एक धडा

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांस मोठमोठे शब्द फसवीत नाहींत. साध्या क्रियापदांमागून येणारीं लहान अव्ययें फसवितात. संस्कृत पढलेल्यांस यांत नवल वाटूं नये. ‘हृ’ हा एकच धातु. परंतु आहार, विहार, प्रहार, संहार यांत उपसर्गाबरोबर अर्थ किती दूर जातो! भेद इतकाच, कीं संस्कृतांत उपसर्ग धातूच्या आधीं लागतो. वेदांत तो धातूच्या नंतरही येतो, हें पाणिनीनें नमूद करून ठेविलेंच आहे.

आज ‘गेट थ्रू’ हें क्रियापद घेऊं. ‘गेट’ म्हणजे पोंचणें, ‘थ्रू’ म्हणजे आरपार. परीक्षेच्या संबंधानें त्याचा अर्थ उत्तीर्ण होणें. आम्हीं शाळेंत कित्येक वर्षें एवढाच अर्थ शिकविला, आणि त्याचें प्रायश्चित्त आमच्याच घरीं घ्यावें लागलें.

सन १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटें, अनंतचतुर्दशीचें विसर्जन आटोपून लोक निजले असतां, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारें दहा हजार माणसें दगावलीं. येथें देवणीस आमचें घर हादरलें, पण सर्व सुखरूप होते. आमचा पुतण्या तेव्हां पुण्यास परीक्षेच्या निकालाची वाट पाहात होता. तिसऱ्या दिवशीं त्याची तार आली : ‘कुड नॉट गेट थ्रू. व्हेरी अँक्शस.’

वडील बंधु अण्णा यांचें आरंभींचें शिक्षण निजामी अमलांत उर्दूंतून झालेलें. त्यामुळें तार वाचण्याचें काम आमचें. आम्हीं निःशंकपणें सांगितलें, “नापास झाला, चिंतेंत आहे.” अण्णा संतापले. “इकडे माणसें ढिगाऱ्याखालीं गेलीं, आणि ह्याला निकालाची पडली! घरचे जिवंत आहेत कीं नाहींत, हें एका शब्दानें विचारीत नाहीं!” त्यांनीं लागलींच कठोर पत्र धाडिलें. वहिनींनीं दोन दिवस अन्नास स्पर्श केला नाहीं.

सहाव्या दिवशीं पुतण्या दारांत उभा! फोन लागेना म्हणून तार केली. तिचेंही उत्तर नाहीं, तेव्हां सर्व संपलें असें समजून तो एस्. टी. नें निघाला होता. अण्णांस पाहतांच त्यास रडूं कोसळलें. निकाल तर लागलाच नव्हता.

दूरध्वनीच्या संबंधानें ‘गेट थ्रू’ म्हणजे फोन लागणें, संपर्क होणें. ज्याच्याशीं संपर्क साधावयाचा, त्याच्यापूर्वीं ‘टु’ योजावें : ‘आय कुड नॉट गेट थ्रू टु माय फादर.’ परीक्षेच्या अर्थीं ‘टु’ येत नाहीं : ‘ही गॉट थ्रू द एक्झॅमिनेशन.’ तिसराही एक अर्थ आहे. आपलें बोलणें दुसऱ्याच्या मनास पोंचणें, यासही ‘गेट थ्रू टु’ असेंच म्हणतात. तारेस शब्दागणिक पैसे पडत. म्हणून पुतण्यानें ‘टु यू’ हीं दोन पदें गाळलीं, आणि अनर्थ ओढवला.

अण्णांचें पत्र पुण्यास त्याच्या खोलीवर जाऊन पडलें होतें. “तें न फोडतां परत आण,” एवढेंच अण्णा म्हणाले. त्यानें तसेंच आणून दिलें. पुढें तो परीक्षेंतही ‘थ्रू’ झाला.

तारेची सेवा २०१३ च्या जुलैंत बंद झाली. आतां फोन प्रत्येकाच्या खिशांत आहे. तरी त्यावरील संदेश तारेहूनही तुटक असतात. तेव्हां वाचकहो, संदेश अपुरा वाटला तर आधीं विचारावें, रागावयाचें तें मागाहून. आम्हीं तें केलें नाहीं. अव्यय सुटलें, आणि आमच्या मास्तरकीचा अभिमानही त्याच दिवशीं सुटला.