आधी बोला, मग टोचा
सातवीच्या पालकसभेत संमतिपत्रे वाटली जातात. एक आई कागद उलटसुलट पाहते आणि शेजारणीच्या कानाशी लागते, "पोरीचं लग्न तरी होऊ दे की, आत्ताच कशाला?" दुसरीला वेगळाच घोर, "पुढं मूलबाळ व्हायला अडचण नाही ना यायची?" व्यासपीठावरून मात्र एकच उत्तर येते, लस सुरक्षित आहे, सही करा. कागदाची घडी होते, पिशवीत जाते आणि तिथेच राहते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणाऱ्या एचपीव्ही लसीची मोहीम फसलीच, तर ती अशी फसेल.

लस नाही, ही सबब आता संपली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हाव्हॅक' 2023 मध्ये बाजारात आली. तरीही देशात वर्षाला सुमारे सव्वा लाख स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो आणि पाऊण लाखाहून अधिक जणी दगावतात. खेडोपाडी दबक्या आवाजात ज्याला 'पिशवीचा कॅन्सर' म्हणतात, तो हाच. अंगावरून जाते हे सांगायची लाज वाटते आणि त्या लाजेत महिने निघून जातात.

तीच लाज आरोग्य खात्यालाही आहे. हा कर्करोग ज्यामुळे होतो तो एचपीव्ही विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, एवढे वाक्य आपल्या फलकांना पेलत नाही. आपण न सांगितलेले मग व्हॉट्सअ‍ॅप सांगते, तिखटमीठ लावून. वास्तविक, शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा संसर्ग कधी ना कधी होतोच. त्याचा चारित्र्याशी संबंध नाही. बहुतेकांचा तो आपोआप जातो. काही जणींच्या शरीरात ठाण मांडतो आणि दहा-वीस वर्षांनी कर्करोग होऊन उभा राहू शकतो. गोवराची लस गोवर यायच्या आधी देतात, तशी ही संसर्गाच्या आधी द्यायची. म्हणून वय नऊ ते चौदा.

विश्वास गेला की काय होते, हे जपानने पाहिले. दुष्परिणामांच्या तक्रारींचा गाजावाजा झाला, 2013 मध्ये सरकारने सक्रिय शिफारस थांबवली आणि सुमारे 70 टक्क्यांवरचे लसीकरण एका टक्क्याखाली आले. शिफारस पूर्ववत व्हायला 2022 उजाडले. आपल्याकडे खम्ममचा याच लसीचा प्रकल्प 2010 मध्ये थांबला. लस घेतलेल्या काही मुली दगावल्या होत्या, पण त्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही. मात्र पालकांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्याचे उघड झाले आणि लस विनाकारण बदनाम झाली. याउलट सिक्कीमने 2018 मध्ये शिक्षक, पालक आणि माध्यमांशी आधी बोलून घेतले. तिथे 95 टक्क्यांहून अधिक मुलींनी लस घेतली.

तेव्हा संमतिपत्राच्या आठ दिवस आधी आशाताईंना घरोघरी जाऊ द्या. सभेला वडिलांनाही बोलवा. सही बहुधा त्यांचीच असते. दंड दुखेल, क्वचित चक्कर येईल, म्हणून टोचल्यावर अर्धा तास बसवू, हे आधीच सांगा. तक्रार आली तर त्याच दिवशी डॉक्टरांनी उत्तर द्यावे. आणि मुलीच्या निमित्ताने आलेल्या आईची गर्भाशयमुखाची तपासणीही करून घ्या. तिचे लसीचे वय गेले असले तरी तपासणीचे गेलेले नाही.

"आत्ताच कशाला?" हा अडाणी प्रश्न नव्हे, लेकीची काळजी असलेल्या आईचा तो पहिला प्रश्न आहे. लग्नानंतर उशीर झालेला असू शकतो, हे त्याचे उत्तर. ते माईकवरून, सगळ्यांदेखत आणि मान खाली न घालता द्यायला हवे.