वळणावरची कटकट आणि स्टिअरिंग रॅक



वळताना गाडीतून 'कट-कट' आवाज आला की स्टिअरिंग रॅक गेलाच, असे गेल्या अंकातील पत्रलेखक ठामपणे लिहितात. ते वाचून कुणी नाहक रॅक बदलून बसू नये, म्हणून हे पत्र. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते अशा गाड्यांत हा आवाज बहुतेकदा ड्राइव्ह शाफ्टच्या बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा असतो. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू गोल फिरवा, किंचित रेस द्या. चाकाच्या वेगाबरोबर कटकट वाढली, तर संशय जॉइंटवरच. डावीकडे वळताना वाजले, तर सहसा उजवा जॉइंट. मग चाकामागचा, जॉइंट झाकणारा रबरी बूट पाहा. तो फाटला असेल, तर रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसतात. ग्रीस गेले की धूळ-पाणी आत शिरते, जॉइंटमधल्या गोळ्या आणि त्यांच्या खाचा झिजतात. आवाज सुरू होण्याआधीच फाटका बूट लक्षात आला, तर बूट आणि ग्रीस बदलून बहुधा भागते. नंतर जॉइंटच बदलावा लागतो. त्यामुळे सर्व्हिसिंगला गाडी लिफ्टवर चढली की बूट दाखवायला मेकॅनिकला आवर्जून सांगावे. उभ्या गाडीत नुसते स्टिअरिंग फिरवून 'टक' वाजत असेल, तर मात्र आधी स्ट्रटचे वरचे माउंटिंग तपासावे.

— एक वाचक, पुणे