'कामासाठी आलोय!'

मराठी माणसाचे 'काम' फार ऐसपैस. बँकेत काम, कचेरीत काम, मुलीच्या स्थळासाठी साताऱ्याला काम! मग पिंपरीच्या कारखान्यातला अभियंता अमेरिकेत उतरतो आणि इमिग्रेशनच्या खिडकीपाशी "कशासाठी आलात?" असे विचारताच सांगून मोकळा होतो, "फॉर वर्क." त्याच्या मनात बैठक असते. अधिकाऱ्याच्या कानी पडते नोकरी. आणि पासपोर्टवर असतो बी-१ व्हिसा, ज्यावर नोकरीला मनाई.

या व्हिसावर बैठका, कराराची बोलणी, परिषदा चालतात. भारतातून विकलेले यंत्र तिथे बसवूनही देता येते, मात्र विक्रीच्या करारात तशी अट हवी आणि पगार इथल्या कंपनीचाच हवा. तिथल्या कार्यालयात रोज नोकरदारासारखे राबणे मात्र यात बसत नाही.

व्हिसा माणसाला फक्त दारापर्यंत नेतो. आत घ्यायचे की नाही, हे खिडकीतला अधिकारी ठरवतो. १९९६च्या कायद्याने त्याला न्यायाधीशासमोर न नेताही परत पाठवता येते. मग पाच वर्षे प्रवेशबंदी. जाणूनबुजून खोटे बोलल्याचे ठरले, तर बंदी जन्माची.

म्हणून उत्तर नेमके हवे. कोणत्या कंपनीत, कोणत्या गावी, कुणाला भेटायचे, किती दिवस, खर्च कुणाचा. दोन वाक्यांत मावते. आमंत्रणाचे पत्र हातातल्या बॅगेत असावे. भाजणीच्या डब्याखाली, मोठ्या बॅगेत ठेवले तर उपयोग शून्य, कारण ती बॅग मिळते इमिग्रेशन पार पडल्यावर!

पण खरी अडचण शब्दाची नसते तेव्हा? ऑक्टोबर २०१३मध्ये इन्फोसिसने ३ कोटी ४० लाख डॉलर भरून अमेरिकी सरकारशी तडजोड केली. बी-१वर माणसे नेऊन प्रत्यक्ष काम करून घेतले, असा सरकारचा आरोप होता. कंपनीने तो नाकारला. एवढी मोठी कंपनी पैसे भरून सुटू शकते. खिडकीपाशी उभा असतो तो एकटा कर्मचारी, आणि प्रवेशबंदी लागते ती त्याच्या नावावर. साहेब "नुसती मीटिंग म्हणून सांग" म्हणत असतील आणि हातात तीन महिन्यांच्या कामाचे वेळापत्रक ठेवत असतील, तर योग्य व्हिसा मागायची जागा त्या साहेबांची केबिन, तिकीट निघण्याआधी.