गाडीची दुरुस्ती कोणत्या खात्यात?

आपल्या संस्थांचे वार्षिक अहवाल काढून पाहा. किती बैठका झाल्या, किती शिबिरे घेतली, किती तक्रारी आल्या, किती जणींना पोटगी मिळाली, सगळे आकडे असतात. या कामासाठी वर्षभरात किती किलोमीटर तुडवले, हा आकडा मात्र नसतो. मला तो महत्त्वाचा वाटतो, म्हणून एका जुन्या, छोट्या गाडीच्या निमित्ताने लिहिते आहे. बायकांच्या त्रैमासिकात गाडीचे काय काम, असे कुणाला वाटले तर तेवढ्यासाठीच हा लेख आहे असे समजा.

आमचे सल्ला केंद्र पाटण तालुक्यात आहे. केंद्राकडे २००६ सालची मारुती ८०० आहे. २०१४ मध्ये ती जुनी म्हणून घेतली तेव्हा ६१ हजार किलोमीटर पळालेली होती. आज मीटरवर २ लाख ३८ हजार दिसतात. या काळात दोनदा क्लच प्लेट बदलली, दोनदा टायमिंग बेल्ट. बॅटरी चौथी आहे. पायाखालचा पत्रा कोयनेच्या पावसाने कुजला, तो कापून नवा जोडला. इंजिन मात्र अजून एकदाही उघडावे लागलेले नाही. घाटरस्ते धरूनही लिटरला सोळा-सतराचे अॅव्हरेज देते.

ही जादू नाही आणि गाडीचे कौतुकही मला करायचे नाही. या जातीची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तीस वर्षांत भारतात अशा पंचवीस लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. इंजिन तीन सिलिंडरचे, ७९६ सीसीचे, साधे. गाडी वजनाला हलकी. त्यामुळे तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही गॅरेजमध्ये तिची नाडी ओळखणारा कारागीर भेटतो आणि सुटा भाग त्याच दिवशी मिळतो. खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या संस्थेला टिकाऊपणा म्हणजे एवढेच हवे असते: गाडी कधीच बिघडू नये हे नव्हे, तर बिघडली तर संध्याकाळपर्यंत उभी राहावी.

पण याच गाड्या लाखभर किलोमीटरनंतर भंगारात गेलेल्याही मी पाहिल्या आहेत. फरक आहे तो निगेचा. दर पाच हजार किलोमीटरला ऑइल बदलणे, रोज सकाळी पाणी पाहणे, ब्रेकचा आवाज बदलला की त्याच आठवड्यात चाक उघडणे. हे काम दिसत नाही. केले तर काहीच घडत नाही, आणि काही घडले नाही म्हणून ते कुणाच्या लक्षातही येत नाही. मैत्रिणींनो, हे वर्णन ओळखीचे वाटते ना? घर चालते ते ज्या कामावर, त्या कामाची हीच गत आहे. स्वयंपाक वेळेवर झाला तर बातमी नाही, नाही झाला तर भांडण. घरकामाला मोल नाही यावर आपण इतकी वर्षे बोलतो आहोत. मग आपल्याच संस्थांच्या अंदाजपत्रकात निगेला मोल का नसावे?

आमचा अनुभव सांगते. एका देणगीदार संस्थेकडे आम्ही गाडीच्या दुरुस्तीसाठी वर्षाला ठरावीक रक्कम मागितली. उत्तर आले की नव्या वाहनाचा प्रस्ताव दिलात तर विचार करू, दुरुस्तीसाठी खातेच नाही. प्रवासखर्चाच्या खात्यात पेट्रोल बसते, टायमिंग बेल्ट बसत नाही. परिणामी संस्था काय करतात? दुरुस्ती पुढे ढकलतात. बेल्ट वेळेवर बदलला तर एका दिवसाचे काम असते. चालत्या गाडीत तुटला तर गाडी जागच्या जागी बंद पडते, आणि जागा कुठली असेल हे आपल्या हातात नसते.

गाडी नसली तर काय होते, ते गावात काम करणाऱ्या कुणालाही विचारा. शेवटची एसटी निघून जाते. उरते वडापची जीप. जीपवाला त्याच गावचा, बहुतेक वेळा नवऱ्याच्या भावकीतला. बाई गाडीत बसायच्या आधी बातमी सासरी पोचलेली असते. दोन वर्षांपूर्वी जुलैत रात्री साडेआठला एकीचा फोन आला. डोक्याला खोक पडली होती, दोन लेकरे सोबत होती आणि ती शाळेच्या पडवीत बसून होती. आमच्या दोघी कार्यकर्त्या मुसळधार पावसात गाडी काढून गेल्या, आधी दवाखाना, मग पोलीस ठाणे, मग निवारा असे करत पहाटे परतल्या. त्या रात्री तिने पोलिसांसमोर जो जबाब दिला, तो सकाळच्या एसटीची वाट पाहत बसली असती तर दिला असता का? रात्रभरात सासूने समजूत काढली असती, दिराने धमकावले असते. गाडी सुरू होणे न होणे हा आमच्याकडे चैनीचा नव्हे, पुराव्याचा प्रश्न असतो.

काही मैत्रिणी म्हणतात, जुनी गाडी धोक्याची आणि धूर ओकणारी. तिचा पुरस्कार कशाला? आक्षेप खरा आहे. आमच्या गाडीला एअरबॅग नाही; चालकासाठी ती नव्या गाड्यांत सक्तीची झाली १ जुलै २०१९ पासून. बारा इंची चाके खड्ड्यात आपटतात. पंधरा वर्षे झाली की नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी आणखी वाढले. म्हणून मी जुनेच चांगले असे म्हणत नाही. सांगाडा गंजला, ब्रेकची खात्री उरली नाही किंवा वर्षाची दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या पुढे गेली, तर ती विकावी. माझे म्हणणे एवढेच की नव्या गाडीची वाट पाहत असलेली गाडी मरू देऊ नये. आणि नवी मिळाली तरी दुरुस्तीचे खाते नसेल, तर सहा-सात वर्षांत तीही अंगणात उभी राहील.

दुसरा मुद्दा ज्ञानाचा. आपल्यातल्या पुष्कळ जणी गाडी चालवायला शिकल्या. ओळखायला किती शिकल्या? गॅरेजमध्ये गेले की अजूनही ऐकू येते, "ताई, कुणा माणसाला पाठवा." जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत मात्र "लेडी ड्रिव्हन" असे अभिमानाने छापतात, म्हणजे बाईने वापरलेली गाडी जपलेली असते हे बाजाराला मान्य आहे, तिला त्यातले कळते हे मान्य नाही. संस्थेसाठी जुनी गाडी घेणार असाल तर निदान एवढे पाहा. मीटर मागे फिरवता येतो, म्हणून आकड्यावर न जाता सर्व्हिसच्या नोंदी मागा. पेडलचे रबर आणि स्टिअरिंग किती झिजले आहे ते पाहा. गाडी थंड असतानाच सुरू करायला सांगा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खाते आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला तर पाणी मिसळत असण्याची शंका घ्या. पायपुसणी उचलून पत्रा दाबून पाहा. टायर एकाच कडेने झिजले असतील तर कारण विचारा. यासाठी अभियंता असावे लागत नाही. भाजी घेताना देठ मोडून पाहतो, तितकीच सवय लागते.

तिसरा मुद्दा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा: आरसी बुकवर नाव कुणाचे? आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी जणींच्या माहेरच्यांनी लग्नात गाडी दिलेली असते. पैसे बापाचे, हौस जावयाची, नोंदणी जावयाच्या नावावर. बाई घराबाहेर पडते तेव्हा ती गाडी तिथेच उभी राहते. हुंडा घेणे-देणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा अशी गाडी देऊच नये, हे आपण सांगतोच. पण याच कायद्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे हुंडा म्हणून दुसऱ्या कुणी घेतलेली वस्तू ठरावीक मुदतीत त्या बाईच्या हवाली करावी लागते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात, कलम १९ मध्ये, स्त्रीधन परत देण्याचा आदेश काढण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांना आहे. दागिन्यांची यादी करताना आपण गाडी विसरतो. पावती, बँकेचा उतारा, आरसीची प्रत पहिल्याच भेटीत मागून घ्यावी. आणि जी बाई आपल्या कमाईतून हप्ते फेडते आहे, तिने नोंदणी स्वतःच्या नावावरच करावी. "घरातच तर आहे" या वाक्याने आपल्या किती जमिनी आणि घरे गेली, हे नव्याने सांगायला नको.

तेव्हा माझ्या सूचना तीन. प्रत्येक संस्थेने अंदाजपत्रकात वाहनाच्या निगेचे स्वतंत्र खाते ठेवावे आणि ते मान्य करण्याचा आग्रह देणगीदारांकडे सर्वांनी मिळून धरावा. एकेकटीने मागितले की "खातेच नाही" हे उत्तर ठरलेले. कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात एक दिवस गॅरेजमध्ये घालवावा, हात काळे करून. आणि वार्षिक अहवालात तक्रारींच्या आकड्याशेजारी किलोमीटरचा आकडा छापावा, म्हणजे एका तक्रारीमागे किती रस्ता असतो हे वाचणाऱ्याला कळेल. आपापल्या संस्थांत याची व्यवस्था कशी आहे, ते जरूर लिहून कळवा. देणगीदारांपुढे जाताना आपल्या हाती दहा संस्थांच्या नोंदी असल्या, तर बोलणे सोपे जाईल.