बियाणं कोचच्या हाती देऊ नका

ह्यूस्टन, केटी, शुगरलँड आणि पंचक्रोशीतल्या समस्त मराठी टेक्सन्सवेड्यांसाठी जाहीर पत्रक

मंडळी,

गणपतीच्या आरतीनंतर चपला शोधताना जी चर्चा सुरू होते, ती मी सहसा कानाआड करतो. पण तिथं निघालेली एक टूम आता दर रविवारी कुणाच्या ना कुणाच्या दिवाणखान्यात ऐकू येते आहे. डेमेको रायन्स एवढा गुणी कोच, मग सगळा कारभार त्याच्याच हाती का देत नाहीत? खेळाडू त्यानं निवडावेत, ड्राफ्टमध्ये शेवटचा शब्द त्याचा असावा, जनरल मॅनेजरनं सही करावी आणि गप्प बसावं. सगळ्यांच्या माना डोलतात, भजी संपतात, सामना सुरू होतो. हे पत्रक त्या डोलणाऱ्या मानांच्या विरोधात आहे.

रायन्स मलाही आवडतो. २००६ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत आपण त्याला घेतला, त्याच वर्षी तो लीगमधला बचावाचा सर्वोत्तम नवखा ठरला, आणि २०२३ मध्ये कोच होऊन परत आला. घरचा माणूस. म्हणूनच त्याच्या गळ्यात ही धोंड बांधू नका असं म्हणतो आहे. कारण हा प्रयोग याच शहरात, आपल्या डोळ्यांदेखत होऊन गेला आहे. तुम्ही विसरलात, मी विसरलेलो नाही.

बिल ओब्रायन २०१४ मध्ये आला. कोच म्हणून माणूस वाईट नव्हता, हे त्याच्या वैऱ्यानंही कबूल करावं. २०१५, २०१६, २०१८, २०१९ अशी चार वेळा विभागाची अजिंक्यपदं त्यानं मिळवून दिली. २०१९ च्या जूनमध्ये जनरल मॅनेजर ब्रायन गेन यांना दीड वर्षही पुरं होण्याआधी घरी पाठवलं गेलं आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. पूर्ण हंगाम खुर्ची रिकामी, कारभार कोचचा.

मग आली १२ जानेवारी २०२०. कॅन्सस सिटीत आपण २१–० ने पुढे. समोरच्यांच्या १३ यार्डांच्या रेषेवर चौथा डाउन, हवं होतं जेमतेम यार्डभर. ओब्रायननं फील्ड गोल घेतला. २४–०. माझ्या घरी कुणीतरी पेढे आहेत का म्हणून फ्रिज उघडला होता. थोड्याच वेळात आपल्याच ३१ यार्डांवर पंटचं सोंग घेऊन धावायला गेला आणि पकडला गेला. मध्यंतराला आपण २४–२८ ने मागे होतो. शेवट ३१–५१. फ्रिज कुणी बंद केला आठवत नाही.

आणि या सामन्यानंतर सोळा दिवसांनी त्याच गृहस्थाला रीतसर जनरल मॅनेजरही करण्यात आलं. घोडं बुजलं तर माणसं लगाम तपासतात. आपण स्वाराला अख्खी पागा बक्षीस दिली.

मार्चमध्ये डीअँड्रे हॉपकिन्स ॲरिझोनाला गेला. सलग तीन वर्षं लीगच्या सर्वोत्तम संघात पहिल्या पंक्तीला बसलेला रिसीव्हर. बदल्यात आला डेव्हिड जॉन्सन, म्हणजे उतरणीला लागलेला रनिंग बॅक आणि त्याचा जड पगार, वर दुसऱ्या फेरीचा एक हक्क आणि चौथ्या फेरीची अदलाबदल. ऑक्टोबर उजाडला तेव्हा ०–४, आणि ५ तारखेला ओब्रायन घरी. हॉपकिन्सवर आपण सगळेच तोंडभर बोलतो, त्यामुळे मी इथं थांबतो. खरा घाव त्याआधीच बसला होता, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

त्यासाठी आधी थोडं ड्राफ्टबद्दल, कारण आपल्यातल्या अर्ध्यांच्या डोक्यात अजून आयपीएलचा लिलाव आहे. इथं बोली लागत नाही. सात फेऱ्या, सर्वांत खाली राहिलेला संघ सर्वांत आधी निवडतो. पोरगा कितव्या क्रमांकावर गेला यावर त्याचा पगार ठरतो, आणि २०११ च्या करारापासून ते इतकं घट्ट बांधलेलं आहे की घासाघीस जवळजवळ उरलेलीच नाही. करार चार वर्षांचा. पहिल्या फेरीतला असेल तर पाचवं वर्ष संघाच्या मर्जीवर. सगळ्या संघाच्या पगाराला वरून मर्यादा असते, तेव्हा चार वर्षं स्वस्तात खेळणारा चांगला पोरगा म्हणजे बाकी घर चालवायला उरलेले पैसे. आणि हे निवडीचे हक्क विकता येतात. या वर्षीचे येतात, पुढच्या वर्षीचे येतात, त्याच्याही पुढचे येतात. म्हणून मी त्यांना बियाणं म्हणतो. कणगीत दिसतं, खाता येतं, आणि खाल्लं की त्या रात्री कुणी उपाशी झोपत नाही.

आता घाव. २०१८ मध्ये आपला क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसन याला ६२ वेळा पाडलं गेलं. लीगमध्ये सर्वांत जास्त. त्याच्यापुढे भिंत नव्हती, कारण २०१८ च्या ड्राफ्टमध्ये आपल्याकडे पहिल्या दोन फेऱ्यांचे हक्कच नव्हते. पहिला वॉटसनला मिळवताना क्लीव्हलँडला दिलेला, दुसरा ब्रॉक ऑस्वायलरचा पगार गळ्यातून काढून घ्या म्हणून त्याच क्लीव्हलँडला दिलेला. २०१९ च्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फियानं आपल्या एक घर पुढे उडी मारून २२ व्या क्रमांकावर आंद्रे डिलार्ड हा टॅकल उचलला. आपण २३ व्यावर टायटस हॉवर्ड घेतला. ऑगस्ट संपत आला तरी डावी बाजू उघडी होती. पहिला सामना आठवड्यावर. मग ३१ ऑगस्टला मायामीकडून लॅरेमी टन्सिल आणला. त्याच्यासाठी आणि त्याच्याबरोबर आलेल्या किरकोळ गोष्टींसाठी २०२० चा पहिल्या फेरीचा हक्क गेला, २०२१ चा पहिल्या फेरीचा गेला, २०२१ चा दुसऱ्या फेरीचाही गेला.

टन्सिल वाईट नव्हता. उत्तम लेफ्ट टॅकल होता. पण त्याचा करार संपत आलेला आणि हे त्याला ठाऊक होतं. ज्यानं आपल्यापायी दोन पहिल्या फेऱ्या घालवल्या तो संघ आपल्याला नाही कसा म्हणेल, हेही त्याला ठाऊक होतं. २०२० च्या वसंतात त्यानं वर्षाला २ कोटी २० लाख डॉलर घेतले. शाबास त्याची. त्याच वर्षी आपण ४–१२ झालो, आणि त्या धूळधाणीतून जो हक्क निघाला तो होता संपूर्ण ड्राफ्टमधला तिसरा. तो मायामीचा. नापिकी आपली, खळं मायामीचं.

ओब्रायन मूर्ख होता असं मी मुळीच म्हणत नाही. तो घाईत होता, आणि कोच घाईत असतोच. त्याचा जन्म रविवार ते रविवार. तीन सामने हरला की वर्तमानपत्रं, सहा हरला की मालक, नऊ हरला की घरासमोर सामानाचा ट्रक. २०२१ च्या दुसऱ्या फेरीत कोण येणार याच्याशी त्याचं काय देणंघेणं? तोवर तो असेल की नाही याचीच त्याला खात्री नसते, ओब्रायन नव्हताच. त्याच्याशेजारी कुणीतरी असा बसलेला हवा होता, ज्याची नोकरी तीन वर्षांनंतरच्या पिकावर अवलंबून आहे, आणि जो तोंडावर सांगेल: नाही, हे मिळणार नाही, आहे त्या टॅकलांवर भागव. तो माणूसच आपण जूनमध्ये घरी पाठवला होता.

यावर बिल पार्सेल्सचा दाखला हमखास येतो. जेवण मला बनवायला सांगता, तर किराणाही मला आणू द्या, अशा अर्थाचं त्याचं बोलणं या खेळात म्हणीसारखं वापरतात. १९९६ च्या ड्राफ्टमध्ये त्याच्या मनाविरुद्ध टेरी ग्लेन घेतला म्हणून तेव्हा न्यू इंग्लंडचा कोच असलेला तो संघावर रुसला, आणि हंगाम संपताच निघून गेला. त्या टेरी ग्लेननं पहिल्याच वर्षी ९० झेल घेतले आणि संघ सुपर बोलपर्यंत पोचला, हे सांगायला मात्र लोक विसरतात. आणि किराण्याचंच बोलायचं तर आपल्या आया काय सांगत आल्या? पोटात भूक घेऊन बाजाराला जाऊ नये. ऑगस्टमधल्या कोचपेक्षा भुकेला कुणी नसतो.

दुसरा दाखला न्यू इंग्लंडचाच बिल बेलिचिक. सहा अजिंक्यपदं आणि सगळा कारभार एकहाती. यापुढे बोलायची सोय नाही असं वाटतं खरं. पण २००० मध्ये १९९ व्या क्रमांकावर आलेला टॉम ब्रेडी २०२० मध्ये निघून गेल्यावर त्याच एकहाती कारभाराचे निकाल बघा: ७–९, १०–७, ८–९, ४–१३. त्याआधी, २०१९ मध्ये, ३२ व्या क्रमांकावर त्यानं एनकील हॅरी हा रिसीव्हर घेतला, तेव्हा डीबो सॅम्युअल, ए. जे. ब्राउन आणि डीके मेटकाफ तिघंही शिल्लक होते. एरवी असं कुणाचंही चुकतं. पण तिथं चुकतंय म्हणून सांगण्याचा अधिकार कुणालाच नव्हता. ओब्रायन त्याच घरात तयार झालेला होता. आपण त्या घरची खुर्ची उचलून आणली, बसणारा तिथंच राहिला.

माझ्या बाजूचे दाखले मी भरभर सांगतो. माइक होमग्रेनकडून सिॲटलनं २००२ नंतर जनरल मॅनेजरपद काढून घेतलं, नुसता कोच ठेवला. २००५ च्या हंगामात तो त्यांना सुपर बोलमध्ये घेऊन गेला. अँडी रीडच्या हाती फिलाडेल्फियात कारभारही होता, अजिंक्यपद एकही नाही. कॅन्सस सिटीत खरेदी दुसऱ्याकडे, आणि तीन अजिंक्यपदं. फिलाडेल्फियानंच २०१५ मध्ये चिप केलीला किल्ल्या दिल्या, जनरल मॅनेजर हॉवी रोझमनला बाजूला बसवलं. केलीनं लशॉन मकॉय विकला, आणि तो हंगाम संपायच्या आत त्याचीच गच्छंती झाली. रोझमन परत आला. दोन वर्षांत अजिंक्यपद. पुढं कोच बदलला, रोझमन तोच, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत दुसरं.

ते दुसरं आठवा, कारण आता मी ड्राफ्टमध्ये काय घ्यावं याकडे वळतो. ४०–२२. पॅट्रिक महोम्सला सहा वेळा पाडलं, आणि एकदाही ब्लिट्झ न करता. चार जण पुढे जायचे आणि काम व्हायचं. आणि त्यांच्या स्वतःच्या क्वार्टरबॅकपुढची भिंत बघा. लेन जॉन्सन २०१३ चा चौथा. लँडन डिकरसन दुसऱ्या फेरीतला. जॉर्डन मायलाटा तर सातव्या फेरीतला, ऑस्ट्रेलियातून आलेला रग्बीचा गडी, ज्यानं अमेरिकन फुटबॉल कधी खेळलाही नव्हता. दरवर्षी काही ना काही पेरलेलं. घाईची वेळ त्यांच्यावर येतच नाही.

आणि आपला सातबारा? २००२ मध्ये संघ जन्माला आला तेव्हा पहिल्याच क्रमांकावर डेव्हिड कार घेतला. त्याच्या रक्षणासाठी इतर संघांकडून उचललेला टोनी बोसेली दुखापतींमुळे आपल्याकडून एकही सामना खेळू शकला नाही. कारला त्या हंगामात ७६ वेळा पाडलं. तो विक्रम आजही आपल्याच नावावर आहे. २००५ मध्ये त्यालाच ६८ वेळा. २०१८ मध्ये वॉटसन ६२. २०२४ मध्ये सी. जे. स्ट्राउड ५२, आणि वर कॅन्सस सिटीच्या प्लेऑफमध्ये एकाच दुपारी आठ. कोच बदलले, मॅनेजर बदलले, पण क्वार्टरबॅक पाठीवर पडून आकाश बघतोय हे दृश्य तेच.

कुणी म्हणेल, २०२२ मध्ये घेतला होता की गार्ड, १५ व्या क्रमांकावर, केन्यन ग्रीन; काय झालं? काही झालं नाही. फसला. पण एक बी उगवलं नाही म्हणून कुणी शेत पडीक टाकत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पेरायचं आणि दोन पेरायची.

इथं माझाच मुद्दा मला टोचतो, तेव्हा लपवत नाही. २०२३ मध्ये आपला जनरल मॅनेजर निक कसेरिओ यानं दुसऱ्या क्रमांकावर स्ट्राउड घेतला आणि लगेच विल अँडरसनसाठी तिसऱ्या क्रमांकावर उडी मारली. त्यापायी पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा हक्क ॲरिझोनाला दिला. हेही बियाणंच विकणं झालं. मग ते मला का चालतं? एक तर त्यानं बियाणं देऊन बियाणंच आणलं: एकवीस वर्षांचा पोरगा, चार वर्षं बांधलेल्या पगारात, आणि तोही बचावाचा सर्वोत्तम नवखा निघाला. दुसरं म्हणजे, फसलं असतं तर २०२४ मध्ये रिकाम्या हातानं त्या टेबलावर बसून उत्तर देणं कसेरिओच्याच नशिबी होतं. तरी तेव्हा माझी छाती धडधडली होती, हे खरं.

तेव्हा मागणं असं. रायन्सला कसला खेळाडू हवा ते त्यानं सांगावं, हट्टानं सांगावं, नको असलेल्याला नकोही म्हणावं. पण पुढच्या सालचे हक्क विकायचा अधिकार त्याच्याकडे जाऊ नये, तो कितीही सामने जिंको. आणि पहिल्या तीन फेऱ्यांत दरवर्षी एक तरी माणूस भिंतीसाठी यावा, त्या वर्षी भिंत बरी दिसत असली तरी.

एप्रिलमधल्या त्या गुरुवारी रात्री आपण पुन्हा एकत्र बसू. टॅकलचं नाव पुकारलं गेलं की “अरेरे” म्हणू नका. २००६ मध्ये रेजी बुश आणि आपल्याच गावचा व्हिन्स यंग सोडून मारिओ विल्यम्स घेतला तेव्हा हे अख्खं शहर अरेरे म्हणालं होतं. विल्यम्सनं काय केलं आणि बाकी दोघांचं काय झालं ते माहीत असूनही त्या रात्रीचा राग काही जण अजून सोडत नाहीत. त्यातला एक जण माझ्याच घरात राहतो.

पत्रकाची मागची बाजू मुद्दाम कोरी ठेवली आहे. ज्यांना माझं म्हणणं पटलेलं नाही त्यांनी तिथं उत्तर लिहावं आणि पुढच्या रविवारी आणावं. फक्त सुरुवातीला, टन्सिलपायी मायामीला काय काय गेलं, ते एकाखाली एक मांडावं.

आपला,
जुन्या तिकिटांची अर्धुकं जपून ठेवणारा एक टेक्सन्सवेडा