आधी शिकवणाऱ्याचं नाव सांगा

दहावीचा निकाल लागला की चिखली-मेहकर-खामगावकडचे तबले माळ्यावर जातात. शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण पदरात पडलेले असतात, मग तबल्याचं काम संपलं. मी हार्मोनिअम शिकवतो, त्यामुळे ही गळती दरवर्षी जवळून बघतो. तीतून वाचलेली एखाद-दुसरी पोरं बारावीनंतर येतात आणि चाचरत विचारतात, "सर, बाहेरदेशी संगीत शिकता येतं का?" येतं. पण त्यांना वाट दाखवायला जी मंडळी दुकान मांडून बसली आहेत, त्यांना सा आणि रे यांतलं अंतर कळत नाही. कमिशन तेवढं पैशापर्यंत कळतं.

मेहकर तालुक्यातली एक मुलगी माझ्याकडे येते. वडिलांचं सोयाबीन आणि तूर. ती पखवाज वाजवते, आणि गावच्या भजनी मंडळातले बुवा तिच्या हातासाठी थांबून राहतात. तिला घेऊन परदेशी शिक्षणाच्या एका मेळाव्याला गेलो होतो. हॉटेलचा हॉल, एसी, टाय लावलेलं पोरगं. तिने खुर्ची ओढायच्या आत त्याने विचारलं, "बजेट किती?" पखवाज म्हटल्यावर तो म्हणाला, "म्हणजे ड्रम्सच ना?" लगेच लॅपटॉप आमच्याकडे वळला आणि कॅनडातला म्युझिक प्रॉडक्शनचा दोन वर्षांचा डिप्लोमा पुढे आला. मी विचारलं, शिकवतं कोण? "सर, फॅकल्टी इंटरनॅशनल आहे." नाव काय? "सर, तुम्ही रँकिंग बघा ना. आणि नंतर पीआरचे चान्सेस." पोरीला पखवाज शिकायचा होता, हा तिला परदेशातलं कायमचं वास्तव्य विकत होता. वडील बिचारे मान हलवत बसले, कारण समोरचा इंग्रजी बोलत होता.

त्या पोराच्या माहितीपत्रकात जर्मनी नव्हती. असणार कशी? तिथल्या बहुतेक राज्यांतल्या सरकारी संगीत विद्यालयांत परदेशी विद्यार्थ्याकडूनही शिक्षण शुल्क घेत नाहीत. बाडेन-व्युर्टेमबर्ग मात्र युरोपीय संघाबाहेरच्यांकडून सत्राला 1,500 युरो घेतं. प्रवेशासाठी वाजवून दाखवावं लागतं, भाषेची परीक्षा द्यावी लागते, आणि एजंटाला त्यात दमडी मिळत नाही. फिलाडेल्फियाचं कर्टिस इन्स्टिट्यूट 1928 पासून घेतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याचं शुल्क माफ करतं. जागा मोजक्या, चाचणी जीवघेणी, हे खरं. पण ते नाव त्या हॉलमध्ये एकदाही निघालं नाही. निघालं ते बॉस्टनच्या बर्कलीचं, जिथली वर्षाची फी 50 हजार डॉलरच्या आसपास जाते. संस्था नामांकित आहे, प्रश्नच नाही. पण साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज गेलं की बँक सहसा तारण मागते, आणि आमच्याकडे तारण म्हणजे बापाने पोटाला चिमटा काढून घेतलेला गावठाणातला एकुलता प्लॉट. तो गहाण टाकायचा कशासाठी, तर कोण शिकवणार हे माहीत नसलेल्या वर्गासाठी!

एजंटाचं समजू शकतो, त्याचं पोट आहे. सरकारचं काय? आपल्या राज्यात अनुसूचित जातींच्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने परदेश शिष्यवृत्ती आहे, इतर मागासवर्गीयांसाठीही अशीच योजना आहे. योजना उत्तम. अट अशी की विद्यापीठ क्यूएसच्या जागतिक यादीत पहिल्या 200 मध्ये पाहिजे. आता ही सर्वसाधारण यादी अनेक विद्याशाखा असलेल्या विद्यापीठांची असते. फक्त संगीत शिकवणारी संस्था तिच्यात बसतच नाही. लंडनचं रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक 1883 पासून संगीत शिकवतंय, संगीताच्या विषयवार यादीत ते अगदी वर असतं; पण 200 च्या सर्वसाधारण यादीत शोधायला गेलात तर सापडणार नाही. म्हणजे ज्या संस्थेचा जन्मच संगीतासाठी झाला ती अपात्र, आणि अभियांत्रिकीच्या जोरावर वर आलेल्या विद्यापीठातला संगीत विभाग पात्र. कलावंतांना राजाश्रय देणाऱ्या, अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापुरात ठेवून घेणाऱ्या राजाच्या नावाने हा नियम चालतो. विषयवार यादी अस्तित्वात आहे, ती लावायला एक शासन निर्णय पुरतो. तेवढंही कुणाला सुचत नाही.

आता एका बेटाची गोष्ट. तीच मुलगी एक दिवस म्हणाली, "सर, बाली?" आमच्याकडे बाली म्हणजे हनिमून, नाहीतर एकटीने झोक्यावर बसून काढलेलं रील. तिला मात्र कुठल्याशा व्हिडिओत तिथल्या वाद्यमेळाचं गामेलान ऐकू आलं होतं, आणि ते कसं वाजतं हे कळेना म्हणून झोप उडाली होती. बालीतली काशाची वाद्यं जोडीने घडवतात, आणि जोडीतलं एक मुद्दाम किंचित चढं ठेवतात. दोन्ही एकदम वाजली की स्वर थरथरतो. वेगवान चाल दोन वादक वाटून घेतात; एकाच्या आघातांमधल्या फटी दुसरा भरतो, आणि ऐकणाऱ्याला एकच अखंड धार ऐकू येते. एकट्याने रियाज करायचा म्हटलं तर अर्धीच चाल हातात राहते. वाद्यांचा संच बहुतेक वेळा वस्तीच्या मालकीचा असतो, आपल्या देवळातल्या टाळ-मृदंगासारखा. एकटीने बेटावर गेलेल्या मुलीला तिथे पहिल्याच दिवशी वीस-पंचवीस जणांत बसावं लागतं. आमच्या भजनी मंडळात वाढलेल्या पोरीला हे शिकवायला इंटरनॅशनल फॅकल्टी लागत नाही, ते तिच्या अंगात आहे.

कोलिन मॅकफी हा कॅनेडियन संगीतकार 1931 मध्ये बालीत पोचला आणि पुढची काही वर्षं त्याने याच संगीतापायी घालवली. आज देनपसारला सरकारी कलासंस्था आहे. परदेशी विद्यार्थ्यांनी आपली भाषा आणि कला शिकावी म्हणून इंडोनेशिया सरकारने 1974 मध्ये दारमासिस्वा नावाची शिष्यवृत्तीही सुरू केली. पदवी मिळत नाही, विमानाचं तिकीट आपलं आपण काढायचं. पण शिकणं आणि राहण्याचा भत्ता त्यांच्याकडून. यंदाचे नियम दूतावासात विचारून घ्यावेत. मेळाव्यातल्या टायवाल्याने हे नाव ऐकलेलंही नव्हतं.

बापाला सांगितलं तर तो म्हणाला, "सर, एकटी पोरगी त्या बेटावर कायले पाठवाची? लोक काय म्हणतीन?" मी म्हटलं, भाऊ, कॅनडात पाठवायला तयार होता ना? तिथे काय गावची मंडळी आहे? कॅनडात तळघरातल्या खोलीत चौघींत राहून रात्री दुकानात उभी राहिली तर ती 'सेटल' झाली, आणि बालीत वस्तीतल्या म्हाताऱ्यापुढे बसून शिकली तर वाया गेली! याच माणसाची आई शेगावच्या पालखीसोबत पंढरपूरपर्यंत पायी गेलेली. महिनाभर रस्त्यावर, मिळेल तिथे मुक्काम. तिला कुणी विचारलं नाही कायले जाते म्हणून. बाईच्या एकटीच्या प्रवासाची भीती आमच्यात देवासाठी नसते, विद्येसाठी तेवढी उगवते.

बेटच हवं आणि मराठीही हवी, तर मॉरिशस आहे. कोकणातून मजुरीला गेलेल्यांचे वंशज तिथे अजून झाकरी नाचतात, आणि मोका इथल्या 1970 च्या महात्मा गांधी संस्थेत हिंदुस्थानी संगीत शिकवतात. आपल्या एखाद्या विशारद पोराने शिकवायला जावं अशी ती जागा. आमच्याकडे मात्र मॉरिशस फक्त लॉटरीच्या बक्षिसात ऐकू येतं.

दुसऱ्या टोकाला आमचे संस्कृतिरक्षक. "इथे काय कमी आहे? आपल्या मातीत राहा." हे बहुधा तीच माणसं म्हणतात, ज्यांनी मुलगा पुण्याला आयटीत चिकटवलेला असतो. त्यांचं ठरलेलं उदाहरण म्हणजे ना. घ. देशपांडे. सिंदखेडराजात जन्मले, मेहकरात वकिली केली, 'शीळ' लिहिली, आणि जी. एन. जोशींनी ती गायली तिथून मराठी भावगीताची कहाणी सुरू झाली असं सांगतात. बरोबर आहे. पण ती मेहकरच्या वेशीबाहेर गेली ती विलायती कंपनीने तबकडी काढली म्हणून. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर गाण्यासाठी घर सोडून उत्तरेकडे गेले नसते, तर ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात कुणी आणली असती? आणि त्यांच्या शिष्याने, विष्णु दिगंबरांनी, 1901 साली गांधर्व महाविद्यालय काढलं ते लाहोरला. ज्या परीक्षांच्या गुणांवर तुमची पोरं दहावी काढतात, त्यांचं मूळ तिथे आहे. त्या काळच्या मराठी माणसाला लाहोर म्हणजे परदेशच होता. बाळकृष्णबुवा गुरूच्या शोधात निघाले होते. त्यांनी रँकिंग पाहिलं नाही, पीआर विचारली नाही.

आमच्या बुलढाणा जिल्ह्याच्या मुख्य शहराला अजून रेल्वे नाही. गाडी धरायला मलकापूर नाहीतर शेगाव गाठावं लागतं, आणि खामगाव-जालना मार्गाची मागणी पणजोबांपासून चालू आहे. तेव्हा कुणी आयती वाट आणून देईल या भरवशावर बुलढाण्याच्या पोरांनी राहू नये. ज्या आई-बापांच्या घरी असं एखादं पोर आहे, त्यांना एवढीच विनंती: समाजकल्याणच्या कार्यालयात जाऊन संगीताला विषयवार यादी लावा म्हणून लेखी अर्ज द्या, आणि पोच घ्या. एजंटाकडे गेलात तर फी विचारायच्या आधी शिकवणाऱ्याचं नाव विचारा, त्याचं वादन तिथल्या तिथे मोबाइलवर लावायला सांगा. त्याला नाव सांगता आलं नाही तर सरळ उठा. बापाचा प्लॉट वाचला समजा.