भूगोल शिकायचाय म्हणणाऱ्या मुलांना अडवू नका

बारावीचा निकाल लागला की कांदिवलीत घरोघरी एकच चर्चा असते. चारकोपची म्हाडाची बैठी घरं असोत की ठाकूर व्हिलेजमधले टॉवर, फॉर्म भरताना यादी ठरलेली असते: इंजिनिअरिंग, फार्मसी, बी.एस्सी. आयटी, नाहीच जमलं तर बी.कॉम. अशात एखादी मुलगी म्हणते, "मला भूगोल घ्यायचाय." घर गप्प होतं. मग मामा नाहीतर काका विचारतात, "भूगोल घेऊन करणार काय? शाळेत शिकवणार?"

हे आवाहन अशा घरांना आहे. शाळेत शिकवणं हे कमी दर्जाचं काम नाही, ही पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट अशी की भूगोल हा मोजमापाचा, प्रयोगाचा आणि गणिताचा विषय आहे. त्यात बी.एस्सी. करता येते, पुढे एम.एस्सी. आणि संशोधन करता येतं. आणि डोंगर व खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत राहणाऱ्या आपल्यासारख्या लोकांना तर जमीन वाचता येणारी माणसं फार गरजेची आहेत.

भूगोलाची किंमत आपल्या मनात कमी का झाली, ते आधी पाहू. शाळेत तो इतिहासाच्या शेपटाला बांधलेला, ४० गुणांचा विषय. राजधान्या, पिकं, नद्यांची लांबी पाठ करायची आणि पेपर झाला की विसरायचं. २०२० साली दहावीची परीक्षा सुरू असताना करोना आला. २३ मार्चला होणारा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला गेला, मग रद्द झाला आणि इतर विषयांच्या सरासरीवरून त्याचे गुण दिले गेले. त्या परिस्थितीत तो निर्णय योग्यच होता. पण अनेक घरांत "बरं झालं, एक घोकंपट्टी वाचली" यापलीकडे कुणाला काही वाटलं नाही, हे मात्र मनाला लागतं. कारण त्याच दहावीच्या पुस्तकाचा पहिला धडा 'क्षेत्रभेट' आहे. पुस्तक मुलांना बाहेर चला, पाहा, नोंदवा, विचारा असं सांगतं. आपण त्या धड्याचीसुद्धा प्रश्नोत्तरं पाठ करून घेतो.

विज्ञान म्हणून भूगोल शिकणारा विद्यार्थी काय करतो, ते आपल्याच भागात पाहू. भारतीय सर्वेक्षण विभागाचा ४७ ए/१६ क्रमांकाचा स्थलनिर्देशक नकाशा घ्या. मुलं त्याला टोपोशीट म्हणतात. त्याचं प्रमाण १:५०,००० असतं, म्हणजे नकाशावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. त्यावर कांदिवली सापडते. पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्यांवर तपकिरी समोच्च रेषा दाटीने बसलेल्या दिसतात. दोन रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक. रेषा जवळजवळ असतील तर उतार तीव्र. रेल्वेमार्गाकडे येता येता त्या विरळ होतात आणि पश्चिमेला खाडीच्या बाजूला जवळपास नाहीशाच होतात. तिथे जमीन सपाट आणि समुद्रसपाटीच्या जेमतेम वर आहे.

आता या नकाशावर पोयसर नदीच्या रेषेवरून बोट फिरवा. ती उद्यानातल्या डोंगरात उगम पावते, वस्त्यांमधून, महामार्गाखालून, रेल्वेखालून दहाणूकरवाडी-चारकोपच्या बाजूने जाते आणि मार्वेच्या खाडीला मिळते. वर तीव्र उतार असल्यामुळे डोंगरावरचा पाऊस लगेच खाली धावतो. खाली सपाटी असल्यामुळे पाण्याचा वेग एकदम मंदावतो आणि ते पसरू पाहतं. त्याच वेळी समुद्राला मोठी भरती असेल, तर खाडी ते पाणी आत घेत नाही. मधल्या जमिनीवर सिमेंट अंथरलेलं असल्याने पाणी मुरायलाही जागा नसते. "पोयसर नाला तुंबला" हे आपण दर पावसाळ्यात म्हणतो. गाळ आणि कचरा हे त्यामागचं एक कारण झालं. उतार, सपाटी, भरती आणि पाणी मुरू न देणारी जमीन ही बाकीची चार. ही चारही मोजता येतात. ती मोजणं, त्यांचा परस्परांशी हिशेब लावणं आणि कुठल्या गल्लीत किती पाणी येईल ते आधी सांगणं, हे भूगोलाचं काम आहे.

२६ जुलै २००५ हा दिवस कांदिवलीकर विसरलेले नाहीत. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्याला ७५ मिलिमीटरही नव्हता. एकाच शहरात, वीस-पंचवीस किलोमीटरच्या अंतरात, एवढा फरक पडला. ९४४ मिलिमीटर म्हणजे किती, याचं साधं गणित मुलांना घालून पाहा. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर ०.९४४ मीटर उंचीचं पाणी, म्हणजे ९,४४० घनमीटर, म्हणजे ९४ लाख ४० हजार लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर एका हेक्टरवर ९४४ टँकर एका दिवसात रिकामे झाले. नकाशावरून पाणलोटाचं क्षेत्रफळ काढून या आकड्याला गुणलं की त्या दिवशी नदीवर काय ओढवलं असेल, ते डोळ्यांसमोर उभं राहतं. त्या पुरानंतर डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली, शहरात जागोजागी स्वयंचलित पर्जन्यमापक बसले आणि २०२० मध्ये पुराची पूर्वसूचना देणारी 'आयफ्लोज' यंत्रणा मुंबईसाठी सुरू झाली. असली यंत्रणा जमिनीची उंची, पाऊस, भरती आणि वस्ती या चार गोष्टींच्या माहितीवर चालते. ती माहिती गोळा करणारी, तपासणारी आणि नकाशावर बसवणारी माणसं कुठून तरी शिकूनच यावी लागतात.

पाण्यासारखीच मातीचीही गोष्ट. १ आणि २ जुलै २०१९ च्या मधल्या रात्री शेजारच्या मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत कोसळून दोन डझनांहून जास्त माणसं गेली. ४ ऑगस्ट २०२० ला पश्चिम द्रुतगती महामार्गावर बाणडोंगरीजवळ टेकडीचा भाग रस्त्यावर आला. त्याआधी २०१४ ला माळीण, नंतर २०२१ ला तळिये आणि २०२३ ला इर्शाळवाडी या वस्त्यांवर दरडी कोसळल्या. उतारावर कुठे घर बांधावं, कुठे बांधू नये आणि डोंगरावरच्या पाण्याला कुठून वाट द्यावी, हे प्रश्न दुर्घटना घडायच्या आधी विचारायचे असतात.

आणि आपल्या कांदिवलीच्या जमिनीला अभ्यासाची जुनी परंपरा आहे. दक्षिण मुंबईतल्या बॅकबेच्या भरावासाठी शंभरेक वर्षांपूर्वी कांदिवलीतून दगडमाती खणून नेली जात होती. त्या खोदकामात उघड्या पडलेल्या थरांचा अभ्यास लेफ्टनंट कमांडर टॉड यांनी केला. त्या थरांमध्ये त्यांना अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं सापडली आणि १९३९ मध्ये त्यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. भरावाची माती वाहून नेणाऱ्या कितीतरी लोकांनी तो छेद पाहिला असेल. टॉडनी तो थराथराने मोजून उतरवला, म्हणून तो ज्ञानाचा भाग झाला.

आता थेट कामाचं बोलू. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात भूगोल आहे. मुंबईत मात्र भूगोलाची पदवी बहुतेक ठिकाणी कला शाखेत मिळते, त्यामुळे बी.एस्सी.च हवी असेल तर बाहेर राहण्याची तयारी ठेवावी लागेल. तीन वर्षांत भूरूपशास्त्र, हवामानशास्त्र, समुद्रविज्ञान, माती, नकाशाशास्त्र, संख्याशास्त्र, सर्वेक्षण, सुदूर संवेदन आणि भौगोलिक माहिती प्रणाली म्हणजे जीआयएस, असा पसारा असतो. गणिताशी वैर असेल, उन्हात चालायचा कंटाळा असेल किंवा "सोपा विषय आहे" म्हणून घ्यायचा असेल, तर घेऊ नका. यूपीएससी-एमपीएससीला भूगोल उपयोगी पडतो हे खरं आहे, पण तेवढ्या एका आशेवर तीन वर्षं लावू नका.

आणखी एक गोष्ट आधीच कळलेली बरी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या भूवैज्ञानिकाच्या जागांना भूशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते, भूगोलाची चालत नाही. तसंच नुसत्या पदवीवर चांगलं काम मिळणं अवघड आहे, पुढे एम.एस्सी. किंवा जीआयएसचं पक्कं प्रशिक्षण धरूनच चला. ते केलं तर वाटा बऱ्याच आहेत. नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, पुण्यात मुख्यालय असलेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, देहरादूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था, आणि आपल्या पवईच्या आयआयटीतलं याच विषयावरचं केंद्र ही नावं मुलांना माहीत असू द्या. आपत्ती व्यवस्थापन शिकायचं असेल तर देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशे तयार करण्यावरची पूर्वपरवानगीची अट भारतीय कंपन्यांसाठी काढली, त्यामुळे खासगी क्षेत्रातही या कामाला वाट मोकळी झाली. मेट्रो, पाणीपुरवठा, वीज, शेती, कांदळवनांची देखरेख, सगळीकडे नकाशावर माहिती बसवून ती वाचणारी माणसं लागतात.

कॉलेज निवडताना मोठी इमारत पाहून भुलू नका. विभागात जाऊन पाच प्रश्न विचारा.

१. जीआयएस कुठल्या सत्रापासून शिकवता, आणि प्रत्येक मुलाला स्वतंत्र संगणक मिळतो का?
२. क्षेत्रभेट किती दिवसांची असते, आणि तिचा अहवाल मुलं स्वतः लिहितात का?
३. डंपी लेव्हल, प्रिझमॅटिक कंपास, जीपीएस ही उपकरणं मुलांच्या हातात देता, की कपाटात असतात?
४. नव्या मेजर-मायनर पद्धतीत भूगोलाबरोबर संख्याशास्त्र, संगणक किंवा भूशास्त्र घेता येतं का?
५. मागच्या दोन-तीन तुकड्यांतली मुलं आज कुठे आहेत, आणि त्यांच्याशी बोलता येईल का?

पाचांपैकी तीन प्रश्नांना सरळ उत्तर मिळालं नाही, तर दुसरं कॉलेज बघा. मनासारखी बी.एस्सी. नाही मिळाली आणि कला शाखेतला चांगला विभाग जवळ असेल, तर तोही सोडू नका. संख्याशास्त्र आणि जीआयएस जोडीला घेतलं की पाया भक्कम होतो.

मुलींच्या आईबाबांना वेगळं सांगायचं आहे. "डोंगरात, उन्हातान्हात पोरगी कशी फिरणार?" ही काळजी खोटी नाही. म्हणून बरोबर कोणते शिक्षक असतात, शिक्षिका असतात का, मुक्काम कुठे, स्वच्छतागृहाची सोय काय, हे कॉलेजला स्पष्ट विचारा. ते विचारणं तुमचा हक्क आहे. पण काळजीपोटी विषयच बदलायला लावू नका. वस्तीतल्या बायकांना पाण्याची, उताराची, नाल्याची जी माहिती असते, ती मुलींना लवकर मिळते. ती माहिती नकाशावर यायला हवी असेल तर मुली शिकल्या पाहिजेत.

मुलामुलींनो, प्रवेशाच्या आधीच सुरुवात करा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे बरेच टोपोशीट त्यांच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतात. 'क्यूजीआयएस' हे सॉफ्टवेअर फुकट आहे, इस्रोचं 'भुवन' खुलं आहे, आणि देहरादूनची संस्था मोफत ऑनलाइन वर्ग घेते. जून लागला की इमारतीच्या गच्चीवर, झाडापासून आणि टाकीपासून लांब, सरळ बाजूंचं आणि सपाट बुडाचं एक भांडं ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजा, वहीत लिहा आणि भांडं रिकामं करा. हवामान खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठ ते साडेआठ असाच असतो. तुमचा आकडा सांताक्रूझच्या आकड्याशी ताडून पाहा. शेजारी भरतीची वेळ लिहा आणि पोयसरचं पाणी पुलावरून, सुरक्षित अंतरावरून किती चढलं ते नोंदवा. जोराच्या पावसात काठावर उतरू नका. सप्टेंबरअखेर त्या वहीत तुमचा पहिला खरा भूगोल असेल. तो लिहिताना मजा आली, तर विषय तुमचा आहे.

आणि शेवटची विनंती कांदिवलीतल्या नागरिकांना. आपल्याकडे विज्ञान शिकवणारी कॉलेजं आहेत, शेजारी राष्ट्रीय उद्यान आहे, दारात नदी आहे आणि पलीकडे खाडी व कांदळवन आहे. विज्ञान शाखेत भूगोलाचा वर्ग चालवायला याहून चांगली जागा शोधूनही मिळणार नाही. जिथे असा वर्ग नाही, तिथे तो सुरू करण्याची मागणी करा. चार-पाच घरं एकत्र या, प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, सोबत इच्छुक मुलांची नावं द्या. विद्यार्थी मिळतात हे दिसलं, तरच कॉलेज नव्या वर्गाचा विचार करतं. ते दाखवून देणं आपल्या हातात आहे.